नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू: जुना कॅमेरा-फोन आज पहिल्यांदा वापरताना

नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू हातात घेतल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बनलेलं मत बाजूला ठेवावं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. त्या अर्ध्या तासात आपण फोन तपासत असतो आणि या यंत्राचं सगळं बळ तर कॅमेऱ्यात आहे. एका स्नेह्यांकडून हा फोन आमच्याकडे आला. त्यानंतर काय झालं, मत कुठे फिरलं आणि शेवटी त्याला कोणतं काम दिलं, ते इथे सविस्तर मांडते आहे. जुना कॅमेरा-फोन वापरायला घ्यावा का, असा विचार करणाऱ्या कुणालाही त्यातून काही हाती लागावं.

प्रकरण काय होतं

माझ्या पुतणीला पानांचे फोटो काढायचा नाद आहे. पानांच्या शिरा, कडांचे दाते, सालीवरचे खडबडीत पट्टे, बुरशीचे ठिपके, असं सगळं ती जवळ जाऊन टिपते. तिच्याकडचा नवा फोन चांगला आहे, पण तिची एक तक्रार कायम होती: फोटो लहान असताना सुरेख दिसतो, मोठा केला की शिरा रंगवल्यासारख्या गुळगुळीत होतात. तिला वेगळा कॅमेरा हवा होता. तो घेण्याआधी हाताशी असलेल्या ८०८ने तिचं काम भागतं का, हे बघायचं ठरलं.

हा फोन २७ फेब्रुवारी २०१२ रोजी बार्सिलोनाच्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेसमध्ये जाहीर झाला. यूहा अलाकार्हू, एरो साल्मेलिन आणि डेमियन डिनिंग ही त्यामागच्या कॅमेरा-चमूतली ठळक नावं. ४१ मेगापिक्सेलचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप), कार्ल झाइसची लेन्स, झेनॉन फ्लॅश आणि सिम्बियन ही फोन चालवणारी प्रणाली. पुढच्याच वर्षी नोकियाने सांगून टाकलं की हाच आपला शेवटचा सिम्बियन फोन. म्हणजे कॅमेरा काळाच्या पुढे आणि बाकीचा फोन निरोपाच्या वाटेवर, असं हे यंत्र जन्मालाच आलं. त्याचा आजचा अनुभव समजून घ्यायचा तर एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

पहिला अर्धा तास

हातात घेताच जाणवतो तो जाडपणा. फोन १३.९ मिलिमीटर जाड आहे आणि कॅमेऱ्याच्या उंचवट्यापाशी जवळजवळ १८. वजन १६९ ग्रॅम, म्हणजे आजच्या बऱ्याच फोनांपेक्षा कमीच, पण आकार आटोपशीर असल्यामुळे ते हातात भरीव लागतं. मागचं झाकण निघतं, बॅटरी बाहेर येते, मेमरी कार्ड घालता येतं. ज्यांनी फक्त बंदिस्त फोन पाहिले आहेत त्यांना एवढ्यानेच मौज वाटते. पुतणीने झाकण तीन-चार वेळा उगाचच काढून लावलं.

मग पडदा सुरू होतो आणि उत्साह ओसरतो. ४ इंचांचा अमोलेड पडदा, त्यावर फक्त ६४० बाय ३६० ठिपके. अक्षरांच्या कडा दिसतात. प्रोसेसर १.३ गिगाहर्ट्झचा, रॅम ५१२ एमबी. मेनू चालतो, पण बोटाच्या थोडा मागून. ब्राउझर उघडला तर आजची बहुतेक संकेतस्थळं दारातूनच परत पाठवतात, कारण सुरक्षित जोडणीची नवी पद्धत या जुन्या ब्राउझरला ठाऊक नाही. ॲपच्या दुकानात नवी ॲप स्वीकारणं १ जानेवारी २०१४ पासूनच थांबलं होतं. व्हॉट्सॲपने जुन्या सिम्बियन फोनांची साथ ३० जून २०१७ रोजी सोडली. फोनमध्ये ४जी नाही, आणि जिथे ३जीची यंत्रणा बंद झाली आहे तिथे बोलण्यासाठीही त्याचा फारसा भरवसा धरता येत नाही.

ही यादी वाचून कुणी फोन परत पेटीत ठेवला तर त्याला दोष देता येणार नाही. पण नीट पाहिलं तर यातली प्रत्येक निकामी झालेली गोष्ट बाहेरच्या कशावर तरी अवलंबून होती: कुणाचा तरी सर्व्हर, कुणाचं तरी प्रमाणपत्र, कुणाचं तरी नेटवर्क. कॅमेरा यांपैकी कशावरही टेकलेला नाही. लेन्स, सेन्सर, शटर आणि चित्राचा हिशेब करणारी चिप, सगळं त्या जाड डबीतच आहे. म्हणून सिमकार्ड घातलंच नाही. यापुढे याला कॅमेरा म्हणूनच वागवायचं, हा पहिला निर्णय, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा.

एक छोटी काळजी मात्र लगेच घ्यावी. बरेच दिवस बॅटरीशिवाय पडून राहिलेल्या फोनचं घड्याळ चुकलेलं असतं, आणि सिम नसेल तर ते आपलं आपण दुरुस्त होत नाही. तारीख-वेळ हाताने लावली नाही तर प्रत्येक फोटोवर चुकीची तारीख नोंदली जाते. पानांच्या नोंदी ठेवणाऱ्या मुलीसाठी ही क्षुल्लक बाब नव्हती.

४१ मेगापिक्सेल कशासाठी

या आकड्याबद्दलचा गैरसमज आजही टिकून आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळते. ४१ मेगापिक्सेल म्हणजे ४१ मेगापिक्सेलचे अवाढव्य फोटो काढायचे, असा या फोनचा मूळ विचारच नव्हता. तो कारखान्यातून येतो तो ५ मेगापिक्सेलवर लावलेला. जाहिरातीत एवढा मोठा आकडा आणि फोटो मात्र ५चा, हे ऐकून पुतणीचा चेहरा पडला होता.

होतं असं. सेन्सरवर आडवे ७,७२८ आणि उभे ५,३६८ पिक्सेल आहेत. ४:३ प्रमाणाच्या फोटोसाठी त्यातले सुमारे ३८ मेगापिक्सेल वापरले जातात, १६:९साठी सुमारे ३४. त्या ३८मधून ५ मेगापिक्सेलचा फोटो बनतो, म्हणजे अंतिम फोटोतला प्रत्येक ठिपका सेन्सरवरच्या सात-साडेसात ठिपक्यांचं मिळून एक मत असतो. एखाद्या वस्तूचं वजन एकाच माणसाला अंदाजाने विचारण्यापेक्षा सात जणांना विचारून सरासरी काढली तर उत्तर खऱ्याच्या जवळ जातं, तसंच हे. कुठल्याही एका पिक्सेलची चूक सरासरीत विरते. गणिताने बघितलं तर विस्कळीत नॉइज, म्हणजे फोटोतले नको असलेले दाणे, वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे इथे साधारण पावणेतीन पटीने.

रंगांचाही फायदा होतो. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून ठरवले जातात. सात-साडेसात पिक्सेल एकत्र आले की तिन्ही रंगांची खरी मोजणी त्या गटात हजर असते. कडांवर रंगीत किनार येणं, बारीक जाळीत खोटे पट्टे उमटणं हे त्यामुळे फार कमी होतं.

आता झूम. ८०८मध्ये लेन्स पुढे-मागे सरकून मोठं दाखवत नाही. पडद्यावर बोट वर सरकवलं की एक चौकट आक्रसत जाते, बोट उचललं की तेवढाच भाग पडदाभर येतो. आत काय घडतं? सेन्सरचा मधला भाग घेतला जातो आणि ठिपके एकत्र करण्याचं प्रमाण कमी होत जातं. एका ठिपक्याला एकच पिक्सेल उरला की झूम थांबतो, त्यापुढे जाऊच देत नाही. ५ मेगापिक्सेलला ही मर्यादा सुमारे २.८ पट येते. नसलेले ठिपके ताणून भरायचे नाहीत, हा नियम निर्मात्यांनी मोडला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. फुल एचडी व्हिडिओत हीच मर्यादा ४ पट आहे, कारण ७,७२८ला १,९२०ने भागलं की ४ येतात. व्हिडिओसाठी सेकंदाला ३० वेळा ३४ मेगापिक्सेल वाचायचे म्हणजे सेकंदाला शंभर कोटींहून जास्त ठिपक्यांचा हिशेब. मुख्य प्रोसेसरला हे झेपणारं नव्हतं, म्हणून चित्रासाठी वेगळी चिप बसवली.

सेन्सरचा आकारही ध्यानात घ्यावा: १/१.२ इंच. त्याच सुमाराच्या आयफोन ४एसचा सेन्सर १/३.२ इंचाचा होता, म्हणजे ८०८चं क्षेत्रफळ त्याच्या पाचपटीहून अधिक. पॅनासोनिकच्या सीएम१सारखा अपवाद वगळता एवढा किंवा याहून मोठा सेन्सर फोनमध्ये दिसायला २०२१ उजाडलं. जाडीचं कारणही इथेच सापडतं. मोठ्या सेन्सरवर चित्र पाडायचं तर लेन्स त्याच्यापासून लांबच बसवावी लागते.

पानाचा फोटो

पहिली तुलना पुतणीने तिच्या पद्धतीने केली. खिडकीत ठेवलेल्या कुंडीतल्या एकाच पानाचा फोटो दोन्ही फोनवर काढला आणि दोन्ही पडदे शेजारी धरले. नव्या फोनवरचं पान हिरवंगार, चमकदार, उठून दिसणारं. ८०८वरचं जरा मंद, आणि मागची खिडकी पांढरीफटक.

"आत्या, याने तर खिडकी जाळून टाकली," ती म्हणाली.

म्हणाली ते बरोबर होतं. नवा फोन एका दाबात अनेक फोटो घेतो, काही कमी उजेडाचे, आणि त्यांची जुळणी करून खिडकी व पान दोन्ही सांभाळतो. ८०८ एकदाच शटर उघडतो आणि जे मिळालं ते देतो. त्यातून तो फक्त जेपीईजी, म्हणजे आटवून तयार केलेली फाइल लिहितो, सेन्सरची कच्ची नोंद ठेवत नाही; त्यामुळे गेलेली खिडकी नंतर परत आणता येत नाही. खिडकी पाठीशी असताना या फोनने फोटो काढू नये, किंवा काढायचाच तर एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) आधी खाली ओढावं.

पण पडद्यावर निकाल लावायचा नाही असं आधीच ठरलं होतं. दोन्ही फोटो संगणकावर घेतले. ८०८ यूएसबी केबलने जोडला की पेन ड्राइव्हसारखा उघडतो, कुठलं ॲप लागत नाही, खातं लागत नाही. मोठ्या पडद्यावर दोन्ही फोटो पूर्ण आकारात उघडले, आणि इथे मत फिरलं. नव्या फोनच्या पानावर मुख्य शिरांना कडक, पांढरट किनार होती. त्यांच्यामधली बारीक जाळी जागोजागी पुसून हिरवा लेप झाला होता. ८०८च्या पानावर जाळी होती. शिरेतून फुटणारी शीर, तिच्यातून फुटणारी तिसरी, आणि त्यांच्यामधले छोटे वेडेवाकडे चौकोन. कडेच्या एका दातावर किड्याने कुरतडलेला भाग होता, त्याची तपकिरी कडासुद्धा वेगळी दिसत होती. पुतणी बराच वेळ तो फोटो इकडून तिकडे सरकवत राहिली.

मग जवळून. ८०८ सुमारे १५ सेंटीमीटरच्या आत फोकस करत नाही. हे अंतर ऐकायला फार वाटतं. नुसता धरला तर हिशेबाने सुमारे १८ सेंटीमीटर रुंदीचा भाग फोटोत येतो आणि पान त्यात हरवतं. पण अंतर तेवढंच ठेवून झूम शेवटपर्यंत नेला की तीच रुंदी साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास येते. म्हणजे फोटोतला एक ठिपका पानावरच्या साधारण एक चाळीसांश मिलिमीटरचा. आणि फोन १५ सेंटीमीटर दूर असल्यामुळे त्याची सावली पानावर पडत नाही, किडा उडून जात नाही. ही युक्ती पुतणीला इतकी आवडली की तिने बाकीचा झूम वापरायचा सोडूनच दिला. एवढं झूम केल्यावर ठिपके एकत्र होत नाहीत, त्यामुळे उजेड भरपूर हवा; ढगाळ संध्याकाळी हेच केलं तर दाणे दिसू लागतात.

शटरच्या बटणाबद्दल चार शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. अर्धं दाबलं की फोकस धरला जातो, पुढे दाबलं की फोटो. या दोन पायऱ्यांच्या मध्ये एक क्षण मिळतो, त्यात चौकट नीट करता येते, वारा थांबायची वाट बघता येते. फोन आडवा धरला तर बटण बरोबर उजव्या तर्जनीखाली येतं आणि पडद्यावर टिचकी मारताना बसतो तो धक्का बसत नाही. ज्याला फोटोग्राफी शिकायची आहे त्याच्या हातात असं बटण असावं, असं मला मनापासून वाटतं.

क्रिएटिव्ह मोडमध्ये बरंच काही हातात येतं: आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ५०पासून १६००पर्यंत, व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, रंगांची तीव्रता, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस, शिवाय एनडी फिल्टर. लेन्सचं छिद्र एफ/२.४वर कायम आहे, लहान-मोठं होत नाही. म्हणून भर उन्हात उजेड कमी करायला हा फिल्टर लेन्सच्या वाटेत येतो. नळाच्या बारीक धारेवर आम्ही तो चालू करून पाहिला, धार थोडी मऊ झाली. उलट बाजूने, अंधाऱ्या खोलीत तीच धार झेनॉन फ्लॅशने टिपली तर थेंब सुटे झाले, प्रत्येकाची कड स्वच्छ. झेनॉनचा प्रकाश अतिशय प्रखर आणि क्षणार्धात विझणारा असतो, त्यामुळे हलती वस्तू जागच्या जागी गोठते. आजच्या फोनमधला एलईडी फ्लॅश तेवढा प्रखर नसतो आणि अधिक वेळ जळत राहतो. ही बाब आज नव्या फोनांत जवळपास नाहीशी झाली आहे, याची हळहळ वाटते.

व्हिडिओ फारसा तपासला नाही, कारण तो प्रश्नच नव्हता. आवाज मात्र ऐकला. मायक्रोफोन फार मोठा आवाजही न फाटता नोंदवण्यासाठी बनवलेले आहेत. गाणं वाजत असलेल्या स्पीकरच्या अगदी समोर धरूनही ध्वनिमुद्रण स्वच्छ आलं.

नवा फोन कुठे पुढे जातो

रात्री. इथे वाद नाही. ८०८मध्ये प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही. ती पुढच्या वर्षीच्या ल्युमिया १०२०मध्ये आली. हातात धरून कमी उजेडात काढलेले फोटो हलतात. टेबलावर टेकवून, टायमर लावून बरे येतात, पण पान वाऱ्याने हललं की तेही गेलं. नवा फोन तिथे अनेक फोटो जुळवून सहज काम करतो. माणसांचे झटपट फोटो, पाठीमागून ऊन असलेली दृश्यं, लगेच कुणाला पाठवायचे फोटो, या सगळ्यांत नवाच सरस.

बॅटरी हा दुसरा विषय. मुळात १४०० एमएएचची, त्यात वय झालेलं. आमच्याकडे आलेली बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवली तर भिंगरीसारखी फिरली, म्हणजे मध्यभागी फुगली होती. ती ताबडतोब वापरातून काढली. बदली बॅटरी मिळते, पण तिच्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. दिवसभर फोटो काढायचे तर दोन जवळ ठेवाव्यात. असा फोन घेताना मी पहिल्यांदा हेच बघेन, मग लेन्सवरच्या काचेला चरे आहेत का, मग फ्लॅश उडतो का, आणि पांढऱ्या कागदाच्या फोटोत डाग दिसतात का. पडद्यावर जुन्या चिन्हांचे वण असले तर ते फोटोत येत नाहीत, ते खुशाल चालवून घ्यावेत.

काय ठरलं

क्रिएटिव्ह मोडमध्ये तीन मांडण्या साठवता येतात. पहिलीत पुतणीने पानं ठेवली: ५ मेगापिक्सेल, जेपीईजीचा दर्जा सर्वांत वरचा, आयएसओ ५०, शार्पनेस आणि रंग थोडे खाली, एक्स्पोजर किंचित खाली. दुसरीत फ्लॅश सक्तीने चालू, उडणाऱ्या किड्यांसाठी. तिसरीत ३८ मेगापिक्सेलचा पूर्ण फोटो, ज्यात झूम चालत नाही आणि फाइल मोठी होते. खोडाच्या सालीचा मोठा छाप काढायचा असेल तेव्हाच ती वापरायची. शार्पनेस खाली ठेवायचं कारण असं की ८०८च्या फोटोत तपशील आधीच असतो, त्यावर कडा कोरायची गरज नसते. हवंच असेल तर नंतर संगणकावर हळूच वाढवता येतो.

वेगळा कॅमेरा घ्यायचा विचार तूर्त थांबला आहे. दिवसाउजेडी पानं आणि साली ८०८वर; रात्रीचं, खिडकीसमोरचं आणि लगेच पाठवायचं ते नव्या फोनवर, अशी विभागणी झाली. पुतणीला किड्यांच्या डोळ्यांपर्यंत जायचं आहे, तिथे १५ सेंटीमीटरचं अंतर आडवं येतं. त्यासाठी ८०८च्या लेन्ससमोर छोटं भिंग धरून बघायचं बाकी आहे, आणि ते जमलं नाही तर कॅमेऱ्याचा विषय पुन्हा काढावा लागेल.